नाशिकमधून उपग्रहांची तेजस्विता कशी नोंदवावी

कृत्रिम उपग्रह पाहायला दुर्बीण लागत नाही आणि फारसा अभ्यासही लागत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्यापाऊण तासाने गच्चीवर जाऊन वीस मिनिटे शांतपणे वर पाहत राहिले, तर ताऱ्यांमधून संथपणे सरकत जाणारा एखादा ठिपका बहुतेक वेळा सापडतोच. मात्र ‘आज फारच तेजस्वी दिसला’ एवढेच लिहून ठेवले, तर त्यातून दुसऱ्या निरीक्षकाला काही कळत नाही आणि वर्षभराने आपल्यालाही काही कळत नाही. तो कोणत्या दोन ताऱ्यांच्या दरम्यानच्या तेजाचा होता, नेमक्या किती वाजता, क्षितिजापासून किती उंचीवर आणि ते तेज स्थिर होते की कमी-जास्त होत होते, एवढे लिहिले की नुसत्या दर्शनाचे निरीक्षण होते. साध्या डोळ्यांनी हे कसे करावे, हे येथे प्रामुख्याने सांगितले आहे. कॅमेरा आणि दुर्बीण त्यानंतर येतात.

दिसण्याची वेळ

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असताना तो अजून उन्हात असेल तरच दिसतो, म्हणून निरीक्षणाचा काळ संध्याकाळी आणि पहाटे असा दोन तुकड्यांत मिळतो. नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर असल्यामुळे सूर्य क्षितिजाखाली बराच उभा उतरतो आणि संधिप्रकाश लवकर संपतो. विषुवदिनाच्या सुमारास हिशोब केला, तर डोक्यावरून जाणारा ४२० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण ८५ मिनिटांपर्यंत उन्हात असतो, ५५० किलोमीटरवरचा सुमारे १०० मिनिटांपर्यंत आणि १,५०० किलोमीटरच्या आसपासचा अडीच तासांपर्यंत. पश्चिमेकडचा उपग्रह याहून थोडा उशिरापर्यंत दिसतो आणि पूर्वेकडचा लवकर सावलीत जातो. सूर्यास्तानंतरची पहिली तीस मिनिटे आकाश उजळ असल्याने वाया जातात, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासारख्या कमी उंचीवरच्या वस्तूसाठी संध्याकाळी जेमतेम तासाभराची संधी उरते. पहाटे हाच हिशोब उलटा लावावा.

युरोपातील निरीक्षकांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात उन्हाळ्याच्या मध्यरात्रीही उपग्रह दिसतात असे आढळते. ते तेथे खरे आहे, कारण तेथे जूनमध्ये सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही. नाशिकमध्ये जूनच्या मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली सुमारे ४६ अंश असतो आणि कमी उंचीवरचे सर्व उपग्रह सावलीत असतात. शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस आणि ढग यांपुढे कोणाचेच काही चालत नाही. आपला खरा हंगाम ऑक्टोबर ते मे असा समजावा.

जागा निवडताना

शहराच्या गच्चीवरून अंतराळ स्थानक, चिनी त्यांगोंग स्थानक आणि काही मोठे रॉकेटचे टप्पे सहज दिसतात. तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या, म्हणजे बऱ्याच मंद उपग्रहांसाठी (प्रत हे तेजाचे माप, त्याविषयी पुढे येईलच) मात्र सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींचा आणि शहरातील रस्त्यांचा उजेड मागे टाकावा लागतो. येथे सहसा कोणी लक्षात घेत नाही अशी एक गोष्ट आहे. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून पूर्वेकडच्या उपग्रहाची उजळलेली बाजू आपल्याकडे असते. त्याचे सावलीत शिरणेही पूर्वेकडेच घडते. त्र्यंबक किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो तर नेमके पूर्वेलाच नाशिकचे तांबूस आभाळ येते. त्यामुळे संध्याकाळच्या निरीक्षणासाठी शहराच्या पूर्वेला, निफाड-चांदवडच्या दिशेने जाणे अधिक योग्य, आणि पहाटेच्या निरीक्षणासाठी त्र्यंबक, हरसूल किंवा पेठचा रस्ता धरावा, कारण पहाटे चांगले उजळलेले उपग्रह पश्चिमेला असतात. उत्तरेकडचे आकाश हवे असेल तर दिंडोरीच्या पुढची मोकळी जागा चांगली, कारण शहराचा उजेड तेथे पाठीमागे राहतो.

उसाच्या शेतालगत एकट्याने बसू नये. निफाड-सिन्नर पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि अंधारात, स्तब्ध, मान वर करून बसलेला माणूस त्याच्या दृष्टीने फार मोठा दिसत नाही. देवळाली परिसरातील लष्करी हद्दीजवळ कॅमेरा आणि तिपाई लावून बसू नये. आकाशात हिरवा लेसर रोखून उपग्रह दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण मुंबईच्या दिशेने ये-जा करणारी विमाने याच आकाशातून जातात.

आधीची तयारी आणि ओळख

कोणता उपग्रह केव्हा, कोठून कोठे जाणार याचे भाकीत ‘हेवन्स अबव्ह’ या संकेतस्थळावर मिळते. ‘स्टेलेरियम’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर तीच वाट ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दाखवते. दोन्ही ठिकाणी नाशिक शहर न निवडता आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकावेत. दहा-पंधरा किलोमीटरने वेळेत फारसा फरक पडत नाही, परंतु कमी उंचीवरच्या उपग्रहाची ताऱ्यांमधली वाट एक-दोन अंशांनी सरकते, आणि ओळख पटवताना तेवढे अंतर महत्त्वाचे ठरते. भाकितामागे उपग्रहाच्या कक्षेचे अंक असतात. ते शिळे असतील तर विशेषतः खालच्या कक्षेतला उपग्रह मिनिटा-दोन मिनिटांनी चुकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशी अंक ताजे करून घ्यावेत.

अनोळखी ठिपका दिसला तर त्याने कोणत्या दोन ताऱ्यांमधून वाट काढली आणि त्या क्षणी घड्याळात किती वाजले होते, हे आधी लिहावे; नाव नंतर शोधता येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे पुष्कळ असतात. उत्तर-दक्षिण जाणारे बहुधा पृथ्वीचे निरीक्षण करणारे ध्रुवीय कक्षेतले असतात. तांबडा-हिरवा दिवा मिचकावणारे विमान, आणि दिवाळीच्या दिवसांत वाऱ्याबरोबर वाहत जाणारा नारिंगी ठिपका बहुतेक वेळा कोणीतरी सोडलेला कागदी दिवा असतो.

ताऱ्यांची पट्टी

तेजस्वितेचे एकक म्हणजे प्रत. अंक जितका लहान तितका तारा तेजस्वी. शून्याखालीही मोजणी उणे अंकांनी चालू राहते. पाच प्रतींच्या फरकाला तेजात बरोबर शंभर पटींचा फरक असतो, म्हणजे एका प्रतीला साधारण अडीच पट. हे गणित १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने पक्के केले. आपल्याला पाठ करायची आहे ती मात्र ताऱ्यांची पट्टी, आणि तिच्यासाठी सप्तर्षींसारखी दुसरी सोय नाही.

मार्चअखेरीपासून पावसापर्यंत सप्तर्षी संध्याकाळी ईशान्येकडून उत्तरेला चढलेले असतात. त्यांतील अंगिरस आणि क्रतु १.८ प्रतीचे, मरीची १.९, वसिष्ठ २.२, पुलह आणि पुलस्त्य २.४ आणि चौकोनाच्या कोपऱ्यातला मंद अत्री ३.३ प्रतीचा आहे. वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधती ४.० प्रतीची. लग्नात नवऱ्या मुलीला दाखवली जाते तीच ही अरुंधती. ज्या रात्री ती आपल्या जागेवरून साध्या डोळ्यांना दिसत नाही, त्या रात्री चौथ्या प्रतीच्या उपग्रहाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, असे ओळखावे.

हिवाळ्यात संध्याकाळी पट्टी बदलते. व्याध उणे १.५, अगस्ती उणे ०.७, ब्रह्महृदय आणि मृगातला राजन्य दोन्ही ०.१, प्रश्वा ०.४, पुनर्वसूच्या जोडीतला एक १.१ आणि दुसरा १.६, मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांपैकी मधला १.७ आणि पश्चिमेकडचा २.२. उत्तरेला शर्मिष्ठेचे तारे २.२ ते ३.४ च्या दरम्यान आहेत, पण तिचा अगदी मधला तारा तुलनेसाठी घेऊ नये, कारण तो रूपविकारी आहे, म्हणजे त्याचे तेज बदलत असते. याच कारणाने मृगातला तांबडा काक्षीही वगळावा. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो एवढा मंदावला होता की त्याच्याशी केलेली तुलना आज निरुपयोगी ठरेल. तांबड्या ताऱ्यांबाबत आणखी एक अडचण आहे. तांबडा तारा रोखून पाहत राहिले की तो डोळ्याला हळूहळू अधिक तेजस्वी वाटू लागतो, म्हणून रोहिणी आणि ज्येष्ठा यांच्यापेक्षा पांढरे किंवा फिकट पिवळे तारे वापरावेत.

प्रत्यक्ष पद्धत अशी. उपग्रहाहून किंचित तेजस्वी असा एक आणि किंचित मंद असा एक, असे दोन तारे निवडावेत. दोन्ही शक्यतो उपग्रहाइतक्याच उंचीवरचे असावेत. त्या दोघांमधले अंतर दहा भागांचे मानून उपग्रह कितव्या भागावर बसतो ते ठरवावे. समजा तो पुलस्त्याहून मंद आणि अत्रीहून तेजस्वी आहे आणि पुलस्त्यापासून तीन भाग खाली वाटतो, तर दोघांतला फरक ०.९ प्रतीचा असल्याने त्याचे तीन दशांश, म्हणजे सुमारे ०.३, आणि उपग्रहाची प्रत २.७. सरावलेल्या डोळ्याला यात दोन-तीन दशांश प्रतीपर्यंतची अचूकता साधते. सुरुवातीला अर्ध्या प्रतीची चूक होतेच. ती लपवू नये आणि अंदाजापुढे ‘अधिक-उणे ०.५’ असे प्रामाणिकपणे लिहावे. भाकितात छापलेली प्रत आधी पाहून गेले तर डोळा त्याच अंकाकडे झुकतो, म्हणून मी वेळ आणि दिशा कागदावर उतरवून घेतो आणि प्रतीचा रकाना हाताने झाकतो. हा उपाय पोरकट वाटेल, पण माझ्या जुन्या वहीतले अंक भाकिताशी संशयास्पदरीत्या जुळत होते, असे लक्षात आल्यानंतर मी तो सुरू केला.

व्याधाहूनही तेजस्वी वस्तूंसाठी तारे उरत नाहीत. अंतराळ स्थानक चांगल्या दर्शनात उणे ३ च्या पलीकडे जाते. तेव्हा गुरू किंवा शुक्र आकाशात असेल तर त्याच्याशी तुलना करावी आणि त्या दिवशीची ग्रहाची प्रत स्टेलेरियममधून घ्यावी, कारण ग्रहांचे तेज बदलत असते.

तेज का बदलते

एकाच दर्शनात तेज बदलते याची पहिली कारणे साधी आहेत. ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावर असताना ५५० किलोमीटर दूर असतो, पण क्षितिजापासून ३० अंशांवर असताना तो सुमारे ९९० किलोमीटर दूर असतो. केवळ अंतरामुळे तेज तिपटीहून कमी होते, म्हणजे सुमारे १.३ प्रत. शिवाय ३० अंशांवर प्रकाशाला दुप्पट जाडीच्या हवेतून यावे लागते आणि स्वच्छ रात्रीही आणखी पाव प्रत जाते. दिवाळीनंतरच्या धुरकट आठवड्यांत ही तूट बरीच वाढते. उपग्रहाइतक्याच उंचीवरचे तारे तुलनेला घेतले की हवेचा हा दोष दोघांनाही सारखाच लागतो आणि बहुतांशी आपोआप निघून जातो.

अंतराचा परिणाम काढून टाकण्यासाठी सर्व अंदाज १,००० किलोमीटर अंतरावर आणून ठेवण्याची रीत आहे. दिसलेल्या प्रतीतून, किलोमीटरमधील अंतराला १,००० ने भागून येणाऱ्या संख्येच्या लॉगची (दहा पायाच्या लॉगॅरिदमची) पाचपट वजा करावी. ७०० किलोमीटरवरचा उपग्रह ४.६ प्रतीचा दिसला असेल, तर ०.७ चा लॉग उणे ०.१५५ असल्याने प्रमाणित प्रत ५.४ येते. निरीक्षणाच्या क्षणाचे अंतर स्टेलेरियम दाखवते. दोन वेगवेगळ्या रात्रींच्या अंदाजांची तुलना या प्रमाणित अंकांवरच करावी, नाहीतर आपण उपग्रहाचे तेज न मोजता केवळ त्याचे अंतर मोजत बसतो.

यानंतर खरी रंगत येते ती आकार आणि कोन यांची. गोल, खडबडीत वस्तूला चंद्रासारख्या कला असतात. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर ती पूर्ण उजळलेली दिसते आणि सूर्याच्या बाजूला असेल तर कोर उरते. पण उपग्रह क्वचितच गोल असतात. सौरपंख आणि सपाट अँटेना आरशाप्रमाणे वागतात, आणि आरशाने भिंतीवर पाडलेला कवडसा जसा हात किंचित हलताच झरकन सरकतो तसाच उपग्रहाचा कवडसा जमिनीवरून धावतो. तो आपल्यावरून जातो त्या काही सेकंदांत उपग्रह लखलखतो. इरिडियम दूरध्वनी उपग्रहांच्या पहिल्या पिढीत प्रत्येकी तीन मोठ्या गुळगुळीत अँटेना होत्या आणि त्यांची चमक उणे ८ प्रतीपर्यंत जाई; भाकीतही सेकंदापर्यंत अचूक मिळे. नवी पिढी आल्यावर ते जुने उपग्रह बहुतांशी कक्षेतून उतरवले गेले आणि तो देखावा संपला. बंद पडलेले काही अजून फिरत आहेत, पण त्यांची चमक आता बेभरवशाची आहे.

मोठ्या सपाट पृष्ठभागाचे अलीकडचे उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेला ब्लूवॉकर ३. त्याची सुमारे ६४ चौरस मीटरची अँटेना नोव्हेंबरमध्ये उलगडली आणि तो काही वेळा ०.४ प्रतीपर्यंत, म्हणजे प्रश्वाइतका तेजस्वी दिसला. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकाच वेळी गेले, तेव्हापासून खगोलशास्त्रज्ञांची चिंता वाढली. ५५० किलोमीटरच्या आतले उपग्रह सातव्या प्रतीहून मंद, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारे असावेत, असा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा आग्रह आहे. या बाबतीत हौशी निरीक्षकाची ‘दिसला नाही’ ही नोंदही उपयोगी पडते, मात्र त्या वेळी त्याच भागात दिसणारा सर्वांत मंद तारा कोणता होता हे सोबत लिहिले असेल तरच. केवळ चमकणारेच नोंदवत गेलो तर सगळेच उपग्रह तेजस्वी आहेत असा खोटा समज वहीतून तयार होतो. स्टारलिंकची नुकतीच सोडलेली माळ उठून दिसते, कारण तेव्हा ते उपग्रह खालच्या कक्षेत आणि एकमेकांजवळ असतात. वर चढून विखुरल्यावर ते मंदावतात. त्यांपैकी पुष्कळांच्या कक्षा ५३ अंशांनी कललेल्या असल्याने त्यांची दाटी त्या अक्षांशाजवळ सर्वाधिक असते आणि नाशिकच्या आकाशात तुलनेने विरळ.

सावलीत शिरणे हा वेगळा प्रकार आहे. संध्याकाळी पूर्वेकडे जाणारे अंतराळ स्थानक काही सेकंदांत पिवळसर, मग तांबूस होत विझते, कारण शेवटचे ऊन पृथ्वीच्या वातावरणातून गाळून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. हा रंग दुर्बिणीतून फार सुंदर दिसतो आणि विझण्याची वेळ सेकंदापर्यंत टिपता येते.

चमकांचा काळ मोजणे

निकामी उपग्रह आणि रॉकेटचे रिकामे टप्पे आवरणारे कोणी नसल्यामुळे कोलांट्या घेत जातात आणि ठरावीक अंतराने चमकतात. या चमकांमधला काळ मोजण्यासाठी मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते. पहिल्या चमकेला बटण दाबताना मनात ‘शून्य’ म्हणावे, ‘एक’ नव्हे. अकराव्या चमकेला, म्हणजे मनातल्या ‘दहा’ला, थांबवावे. ४७.३ सेकंद आले तर काळ ४.७३ सेकंद. हाताची प्रतिक्रिया साधारण पाव सेकंद उशिरा येते, पण दहाने भागल्यामुळे ती चूकही दहाव्या भागावर येते. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक शून्याऐवजी एकापासून मोजण्याची असते आणि त्यामुळे काळ एक दशांशाने कमी येतो.

नळकांड्यासारखा टप्पा एका गिरकीत दोनदा आपली रुंद बाजू दाखवतो. म्हणून चमकांमधला काळ हा गिरकीचा अर्धा काळ असू शकतो. लागोपाठच्या चमका एक तेजस्वी आणि एक मंद अशा आलटून पालटून येत असतील तर तसे अवश्य लिहावे. पुढे तेच निर्णायक ठरते. धातूचा टप्पा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरत असताना त्याच्या अंगात भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि त्याची गिरकी महिनोन्‌महिने मंदावत जाते, म्हणून त्याच टप्प्याचा काळ दर महिन्याला मोजला तर तो वाढताना दिसतो. याउलट उदाहरणही आहे. समुद्राची पातळी मोजणारा, १९९२ मध्ये सोडलेला टोपेक्स-पोसायडन बंद पडल्यानंतर दहा-अकरा सेकंदांत एक गिरकी घेऊ लागला आणि सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे त्याची गिरकी मंदावण्याऐवजी वेगवान होत गेली. तो सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवर असल्याने त्याच्यासाठी दुर्बीण लागते.

दुर्बीण घ्यायची तर १०×५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची साधी, हातात धरता येणारी घ्यावी. अंतराळ स्थानक डोक्यावर असताना सेकंदाला सुमारे एक अंश धावते आणि मोठ्या टेलिस्कोपच्या अरुंद क्षेत्रात ते क्षणभरही ठरत नाही. वरच्या कक्षेतले उपग्रह संथ जातात, म्हणून दुर्बिणीचा सराव त्यांच्यावर करावा. जपानचा अजिसाई हा त्यासाठी मला सर्वांत प्रिय आहे. १९८६ मध्ये सोडलेला, २.१५ मीटर व्यासाचा हा गोळा ३१८ आरशांनी मढवलेला असून सुमारे १,४९० किलोमीटर उंचीवरून जाताना तो लागोपाठ लुकलुकतो. आरशाचे तुकडे लावलेली घागर कोणी आकाशात फिरवत नेत आहे असा भास होतो.

हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या बाबतीत नाशिककर विशेष सुदैवी आहेत. तिची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २८.५ अंशांनी कललेली असल्याने उत्तर युरोपात ती क्षितिजावर येतच नाही, पण २० अंश अक्षांशावर ती जवळजवळ डोक्यावरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. पहिल्या महिन्यात अंतराळ स्थानक, त्यांगोंग आणि हबल एवढ्या तिघांवरच सराव करावा आणि मगच मंद वस्तूंकडे वळावे.

कॅमेऱ्याने

तिपाईवर कॅमेरा किंवा ‘प्रो’ मोड असलेला मोबाइल ठेवून दहा सेकंदांची उघडीप (एक्सपोजर) दिली की उपग्रहाची रेषा उमटते आणि रेषेची जाडी-उजळी म्हणजे तेजाचा आलेख मिळतो. फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने साधून बदलू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे भिंगावर दव धरते, ते अधूनमधून पाहावे. येथे एक सापळा आहे. तारा दहा सेकंद एकाच जागी प्रकाश साठवतो, तर उपग्रहाचा प्रकाश रेषेच्या लांबीवर पसरतो, म्हणून छायाचित्रात उपग्रह त्याच प्रतीच्या ताऱ्याहून बराच मंद भासतो. रेषेची सरळ ताऱ्याशी तुलना करून प्रत लिहू नये. एकाच रेषेवरच्या दोन ठिकाणांची परस्पर तुलना आणि चमकांची अंतरे मोजणे एवढ्यासाठी छायाचित्र उत्तम. प्रतीसाठी एकतर डोळा वापरावा किंवा व्हिडिओच्या एकेका चौकटीवर मोजणी करावी.

नोंदवही

नमुन्यादाखल एक नोंद अशी दिसेल: ‘२० एप्रिल, १९:४८:१०, भारतीय वेळ, उंची ४० अंश, ईशान्य, पुलस्त्य आणि अत्री यांच्यामध्ये, पुलस्त्यापासून ३ भाग, प्रत २.७, अधिक-उणे ०.३, स्थिर, अरुंधती दिसत होती, धुरकट नाही, साधे डोळे.’ दोन ताऱ्यांची नावे आणि भाग अवश्य लिहावेत, नुसती प्रत नव्हे; पुढे ताऱ्याची ओळख चुकल्याचे लक्षात आले तर केवळ त्यांच्यावरून नोंद दुरुस्त करता येते.

इतरत्र पाठवताना वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यावी लागते, म्हणजे साडेपाच तास वजा करावे लागतात. पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रत्येक निरीक्षणाची तारीखही त्यामुळे एक दिवस मागे जाते: १२ एप्रिलची पहाटे ५:१० म्हणजे जागतिक वेळेनुसार ११ एप्रिलचे २३:४०. मी एका संपूर्ण हंगामात तास वजा केले आणि तारीख तशीच ठेवली, आणि त्या पहाटेच्या सगळ्या नोंदींत भलतेच उपग्रह शोधत बसलो. तेव्हापासून वहीत भारतीय वेळच लिहितो आणि रूपांतर दिवसा, चहा घेतल्यावर करतो.

अशा नोंदींना मोठी परंपरा आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक गेला तेव्हा लोकांनी साध्या डोळ्यांनी जो ठिपका पाहिला तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हता, त्याच्या रॉकेटचा कितीतरी मोठा टप्पा होता. त्याच काळात अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने ‘मूनवॉच’ नावाने हौशी निरीक्षकांचे गट उभे केले होते, आणि उपग्रहांचा माग घेणाऱ्या त्यांच्या बारा बेकर-नन कॅमेऱ्यांपैकी एक आपल्या नैनितालला बसवलेला होता.

सराव झाल्यावर भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहांचा प्रयोग जरूर करावा. ते ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि एरवी दुर्बिणीच्याही आवाक्याबाहेर मंद असतात. परंतु त्यांचे सौरपंख उत्तर-दक्षिण आसाभोवती सूर्याकडे वळत असल्याने वर्षातून दोनदा त्यांचा कवडसा आपल्या अक्षांशावर पडतो. नाशिकसाठी ते दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतात. नाशिकचा रेखांश ७३.८ अंश पूर्व आहे आणि इन्सॅट-३डीआर हा आपला हवामान उपग्रह ७४ अंशांवर आहे, म्हणजे तो जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर येतो. त्या दिवसांत रात्री साडेअकरा ते दीडच्या दरम्यान १०×५० दुर्बीण तिपाईवर पक्की बांधून त्या उंचीवर, दक्षिणेच्या थोडी पूर्व-पश्चिम अशी आडवी पट्टी न्याहाळावी. तारे क्षेत्रातून हळूहळू पश्चिमेकडे सरकत जातील. जो ठिपका हलणार नाही, काही मिनिटे उजळेल आणि पुन्हा मावळेल, त्याची वेळ लिहावी.